निवृत्तीनंतर परदेशी राहायचं आहे? व्हिसा, रहिवास परवाना आणि कागदपत्रांचा क्रम

पर्यटक व्हिसावर महिनाभर राहून पाहिलेला देश आवडतो आणि उतारवय तिथेच काढावं असं वाटू लागतं. पण तो महिना ज्या कागदावर काढला, त्याच कागदावर पुढची वीस वर्षं काढता येत नाहीत. शेंगेन देशांत (म्हणजे आपसांतल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांत) पर्यटकाला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि ही मोजणी सरकती असते. आजपासून मागे १८० दिवस जायचं आणि त्यातले किती दिवस आत होतो ते मोजायचं. १ जानेवारीला हिशेब नव्याने सुरू होत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून या सीमांवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी यंत्रणा येऊ लागली आहे, त्यामुळे जास्तीचा एक दिवसही नोंदीत दिसतो. सीमेपलीकडे पाऊल टाकून लगेच परत येण्याची जुनी युक्तीही धोक्याची आहे. वारंवार तसं करणाऱ्याला प्रवेश नाकारण्याचा अधिकार सीमेवरच्या अधिकाऱ्याला असतो.

म्हणून सुरुवात देशाच्या निवडीपासून नको, त्या देशात निवृत्तांसाठी वाट आहे का यापासून करा. अमेरिका आणि कॅनडा यांच्याकडे निवृत्तांसाठी वेगळा व्हिसाच नाही. ब्रिटनने आपला प्रकार २००८ मध्ये बंद केला, ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये. न्यूझीलंड ६६ वर्षांपुढच्यांना दोन वर्षांचा व्हिसा देतो, पण त्यासाठी साडेसात लाख न्यूझीलंड डॉलर गुंतवावे लागतात, शिवाय निर्वाहासाठी आणखी पाच लाख आणि वर्षाला ६० हजारांचं उत्पन्न दाखवावं लागतं. मुलं तिथे असतील तर कुटुंब पुनर्मीलनाचा मार्ग वेगळा. त्याचे नियम या लेखात नाहीत.

जिथे वाट आहे तिथे ती तीनपैकी एका प्रकारची असते.

पहिला प्रकार आजीवन पेन्शनचा. पनामात दरमहा किमान १,००० अमेरिकी डॉलर पेन्शन आणि सोबतच्या प्रत्येक अवलंबितासाठी २५० डॉलर दाखवावे लागतात. कोस्टा रिकातही आकडा १,००० डॉलरचाच आहे. इथे रक्कम पुरेशी असूनही एका शब्दासाठी अर्ज परत येतो: पेन्शन देणाऱ्या संस्थेच्या पत्रात ती ‘आजीवन’ आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसत्या बँकेतल्या नोंदी दाखवून भागत नाही. पत्र मागवतानाच मजकुरात हा शब्द, मासिक रक्कम आणि ती कोणत्या चलनात मिळते हे लिहून घ्या.

दुसरा प्रकार काम न करता मिळणाऱ्या उत्पन्नाचा, म्हणजे पेन्शन, भाडं, व्याज, लाभांश यांचा. पोर्तुगालच्या डी-७ व्हिसासाठी तिथल्या किमान वेतनाइतकं उत्पन्न लागतं. २०२५ मध्ये ते महिन्याला ८७० युरो होतं, जोडीदारासाठी त्याच्या निम्मं आणि प्रत्येक मुलासाठी ३० टक्के अधिक. किमान वेतन दर जानेवारीत बदलतं, म्हणून डिसेंबरात तयार केलेला अर्ज जानेवारीत तोकडा पडू शकतो. स्पेन आपल्या ‘बिगरकमाई’ रहिवासासाठी सरकारी निर्देशांकाच्या चौपट रक्कम मागतो: महिन्याला २,४०० युरो, म्हणजे वर्षाला २८,८००, आणि प्रत्येक अवलंबितासाठी महिन्याला ६००. ग्रीसने २०२४ मध्ये आपली अट महिन्याला ३,५०० युरोवर नेली. इटलीच्या ऐच्छिक निवासासाठी एकट्याला वर्षाला सुमारे ३१ हजार युरो लागतात. स्पेन आणि इटलीच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा: निवृत्त झालात तरी जुन्या कंपनीला घरून सल्ला देऊन मिळणारं मानधन हे कामाचंच उत्पन्न मानलं जातं. ते अर्जात दाखवलंत तर मदत होण्याऐवजी नकार येतो.

तिसरा प्रकार ठेवीचा. मलेशियाच्या ‘माझं दुसरं घर’ योजनेत २०२४ पासून चांदी, सोनं आणि प्लॅटिनम अशा श्रेणी आहेत. मुदत ठेव अनुक्रमे दीड लाख, पाच लाख आणि दहा लाख अमेरिकी डॉलर, आणि वर घर विकत घेण्याची सक्ती. चांदीचा परवाना पाच वर्षांचा, सोन्याचा पंधरा आणि प्लॅटिनमचा वीस. थायलंडमध्ये वय पन्नास पूर्ण हवं आणि थाई बँकेत ८ लाख बाट हवेत, किंवा महिन्याला ६५ हजार बाट उत्पन्न. देशात राहून मुदत वाढवून घेताना ही ठेव अर्जाआधी दोन महिने खात्यात पडून असावी लागते, मंजुरीनंतर तीन महिने तिला हात लावता येत नाही, आणि त्यानंतरही ती ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायची नसते. हीच चूक सर्वांत जास्त महागात पडते. शस्त्रक्रियेसाठी ठेवीतून पैसे काढले आणि पुढच्या वर्षीचं नूतनीकरण गेलं, असं होऊ नये यासाठी आजारपणाचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा. ठेवीचं खातंही अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर असू द्या. संयुक्त खात्यातली पूर्ण रक्कम एकाची म्हणून धरली जात नाही.

उत्पन्न कोणत्याही प्रकारचं असो, अटीच्या आकड्याला चिकटून अर्ज करू नका. पेन्शन एका चलनात आणि अट दुसऱ्या चलनात असली की विनिमय दर थोडा घसरताच तुम्ही रेषेखाली येता. निदान १५ ते २० टक्के मोकळीक ठेवा. आणि अर्जाच्या आदल्या महिन्यात खात्यात अचानक मोठी रक्कम आली असेल तर ती कुठून आली याचा कागद जोडा (घर विकल्याचा करार, मोडलेल्या ठेवीची पावती). मुलाकडून तात्पुरते घेतलेले पैसे सहा महिन्यांच्या बँक उताऱ्यात लपत नाहीत.

आता कागदपत्रं. हा सगळा खेळ तारखांचा आहे. प्रत्येक दाखल्याचं आयुष्य वेगळं असतं आणि अर्ज देण्याच्या दिवशी सगळे एकदम जिवंत असावे लागतात. म्हणून वकिलातीत अर्ज देण्याची तारीख आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत या.

सुमारे आठ-नऊ महिने आधी पासपोर्ट पाहा. वर्षभरात संपत असेल तर आधी तो नवा करा, कारण पुढचे सगळे कागद त्याच्या क्रमांकावर बनतात. त्याच वेळी सगळ्या कागदांवरची नावं शेजारी ठेवून ताडून पाहा. विवाहाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, पेन्शनच्या पत्रात फक्त आद्याक्षरं, जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव वेगळ्या स्पेलिंगने, हे अगदी नेहमीचं आहे. परदेशी अधिकाऱ्याला ही चार वेगळी माणसं दिसतात. शक्य तिथे मूळ दाखल्यातच दुरुस्ती करून घ्या. शपथपत्र सगळीकडे चालत नाही.

पाच-सहा महिने आधी जन्माचा आणि विवाहाचा दाखला नव्याने काढा. तीस वर्षांपूर्वीची लॅमिनेट केलेली मूळ प्रत बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, कारण लॅमिनेटवर शिक्का बसत नाही आणि अनेक देशांना अलीकडे काढलेलीच प्रत हवी असते.

पोलीस दाखला मात्र सर्वांत शेवटी, अर्जाच्या तारखेआधीच्या तीन महिन्यांच्या आत. तो कित्येक ठिकाणी तीन महिनेच ग्राह्य धरतात. सगळे हौसेने तोच आधी काढतात आणि बाकीचे कागद येईपर्यंत तो मेलेला असतो. गेल्या पाच वर्षांत दुसऱ्या देशात राहिला असाल तर तिथलाही दाखला लागतो, आणि तो टपालाने मागवायला वेळ जातो; त्याची चौकशी लवकर सुरू करा. वैद्यकीय दाखला लागत असेल तर तोही याच सुमारास. त्यातलं वाक्य वकिलातीने दिलेल्या नमुन्याप्रमाणे शब्दशः हवं. स्पेनला दाखल्यात २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांचा उल्लेख लागतो. ‘प्रकृती उत्तम’ एवढंच लिहिलेला कागद परत येतो.

मग साक्षांकन. दोन्ही देश १९६१ च्या हेग करारात असतील तर दाखल्यावर अपॉस्टिल (दाखला खरा असल्याचं आपल्या सरकारचं प्रमाणपत्र) लागतं आणि तेवढं पुरतं. एखादा देश करारात नसेल तर आधी आपल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि त्यावर त्या देशाच्या वकिलातीचा, अशी दुहेरी पायरी असते. क्रम चुकवू नका: आधी अपॉस्टिल, नंतर भाषांतर. उलट केलंत तर अपॉस्टिलचा कागद भाषांतराविना राहतो आणि पुन्हा पैसे मोजावे लागतात. भाषांतरकारही त्या देशाला मान्य असलेलाच हवा; स्पेनला शपथबद्ध भाषांतरकार लागतो, कुणीही चांगली भाषा जाणणारा चालत नाही.

विम्यासाठी सर्वांत जास्त वेळ राखून ठेवा, कारण वय तिथेच आडवं येतं. प्रवास विमा रहिवासाच्या अर्जाला चालत नाही. स्पेनमध्ये परवाना असलेल्या कंपनीचीच पॉलिसी, पूर्ण संरक्षण देणारी, उपचाराच्या बिलात रुग्णाचा वाटा नसलेली लागते. थायलंडच्या ओ-ए प्रकारासाठी (मायदेशातूनच वर्षभरासाठी मिळणारा निवृत्ती व्हिसा) ३० लाख बाटांचं संरक्षण दाखवावं लागतं. सत्तरीनंतर नवी पॉलिसी देणाऱ्या कंपन्या थोड्या उरतात आणि मधुमेह, हृदयविकार असे आधीचे आजार वगळले जातात. म्हणून देश पक्का करण्याआधी, आपलं वय आणि आजार लपवून न ठेवता, विम्याचं लेखी दरपत्रक मागवा. विमा मिळत नसेल तर पर्याय बघता येतो: थायलंडमध्येच साधा ओ प्रकार घेऊन देशात राहून वर्षाची मुदतवाढ घेतली तर ही विम्याची अट नाही. कोस्टा रिकात रहिवाशाला सरकारी आरोग्य योजनेत दरमहा वर्गणी भरून सामील व्हावंच लागतं, आणि वयस्कांसाठी ही सोयीचीच बाब आहे.

राहण्याच्या जागेचा पुरावा अनेक देश अर्जासोबतच मागतात. हॉटेलचं आरक्षण पुरत नाही. इटली आणि पोर्तुगालला नोंदवलेला भाडेकरार किंवा मालकीचा कागद हवा असतो. व्हिसा मिळाला नाही तर करार रद्द होईल असं कलम घालून घ्या. घर विकत घेण्याची घाई कुठल्याच देशात करू नका. घर घेतलं म्हणजे रहिवास मिळाला असं नसतं, आणि स्पेनने घरखरेदीवर मिळणारा गुंतवणूक व्हिसा एप्रिल २०२५ मध्ये बंदच केला.

व्हिसा हाती आला म्हणजे परवाना मिळाला असं समजू नका. व्हिसा फक्त आत जाण्यासाठी. रहिवास परवान्याचं कार्ड तिथे पोचल्यावर काढायचं असतं. इटलीत पोचल्यापासून आठ दिवसांत अर्ज द्यावा लागतो, स्पेनमध्ये महिन्याभरात. पोर्तुगालचा व्हिसा चार महिन्यांचा आणि दोनच प्रवेशांचा असतो. कार्ड येण्याआधी लग्नकार्यासाठी दोनदा बाहेर गेलात तर परतीचा रस्ता बंद. थायलंडमधून बाहेर पडण्याआधी पुनःप्रवेश परवाना घेतला नाही तर पूर्ण वर्षाचा व्हिसा विमानतळावरच संपतो. त्याची फी एका वेळेसाठी १,००० आणि अनेक वेळांसाठी ३,८०० बाट. तिथे सलग राहणाऱ्याला दर ९० दिवसांनी पत्ताही कळवावा लागतो.

पुढे दिवस मोजत राहावं लागतं, दोन्ही अंगांनी. पोर्तुगालच्या पहिल्या दोन वर्षांच्या परवान्यात सलग सहा महिने किंवा तुकड्या-तुकड्यांनी मिळून आठ महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर परवाना धोक्यात. स्पेनमध्ये पाच वर्षांनी दीर्घकालीन रहिवास मागताना एकूण दहा महिन्यांपेक्षा जास्त गैरहजेरी चालत नाही. दुसऱ्या बाजूला, वर्षात १८३ दिवस राहिलात की बहुतेक देश तुम्हाला कर-रहिवासी मानतात आणि जगभरातल्या उत्पन्नाचा हिशेब मागू शकतात. दोन देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे का, आणि त्यात पेन्शनवर कर लावण्याचा हक्क कोणत्या देशाला दिला आहे, हे जाण्याआधी कर सल्लागाराकडून लेखी घ्या. सरकारी आणि खासगी पेन्शनसाठी अशा करारांत बहुधा वेगळी कलमं असतात.

नूतनीकरणाला पुन्हा उत्पन्न दाखवावं लागतं. स्पेनमध्ये पहिला परवाना एक वर्षाचा, पुढचा दोन वर्षांचा, आणि त्यासाठी दोन वर्षांची रक्कम, म्हणजे ५७,६०० युरो, दाखवावी लागते. पहिल्या वर्षी शिल्लक खर्चून बसलेल्यांची इथे अडचण होते.

जोडप्यांनी अर्ज भरण्याआधी एक बाब तपासलीच पाहिजे: मुख्य अर्जदाराचं निधन झालं तर जोडीदाराच्या परवान्याचं काय होतं. बहुतेक ठिकाणी जोडीदार ‘अवलंबित’ म्हणून राहत असतो आणि कुटुंब निवृत्तिवेतन मूळ पेन्शनपेक्षा कमी असतं, त्यामुळे एकट्याने अट पूर्ण करणं अवघड जातं. शक्य असेल तर दोघांनी स्वतंत्र अर्ज करा, किंवा उत्पन्नाचा काही भाग आधीपासून जोडीदाराच्या नावावर वळवा. त्या देशात एक वेगळं खातं जोडीदाराच्या नावे, किमान सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम ठेवून, पहिल्या महिन्यातच उघडा. निधनानंतर मृताचं खातं वारस ठरेपर्यंत गोठवलं जातं, आणि त्याच काळात परवान्याची मुदत मात्र चालूच राहते.