इंजिन बदललेल्या जिपेसाठी ॲक्सिलरेटरचे पेडल कसे बनवावे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात अजूनही धावणाऱ्या जुन्या पेट्रोल जिपांमध्ये पेडल आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये लोखंडी दांड्यांची जोडणी असते. अशा जिपेत मारुतीचे 1298 सीसी पेट्रोल इंजिन बसवले की त्या दांड्या निरुपयोगी होतात, कारण त्या इंजिनाची थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, केबलने उघडते. बाजारात मिळणारे दुसऱ्या गाडीचे पेडल आणून ते ठोकून-वाकवून बसवण्याचा मोह होतो, पण ते बहुधा ब्रेकला खेटते किंवा केबल तिरकी ओढते. त्यापेक्षा नवे पेडल करून घेणे सोपे आणि स्वस्त पडते. कागदपत्रांचे काम मात्र पेडलाच्या आधी उरकावे. वेगळ्या प्रकारचे इंजिन बसवायचे असेल, तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, मग गाडी बेळगावची केए-22 असो वा चिक्कोडीची केए-23.

मोजमापाची सुरुवात पायापासून न करता थ्रॉटल बॉडीपासून करावी. तिच्या चाकीला केबल अडकवून थ्रॉटल पूर्ण उघडावे आणि तेवढ्यात केबल किती सरकली ते मोजावे. समजा हे अंतर 35 मिमी आले. पेडल मध्यभागी पिनवर झुलते. खाली पायाची पट्टी पुढे गेली की वरचा हात चालकाकडे येतो आणि फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि चालक यांच्यामधल्या पत्र्यातून, आलेली केबल ओढतो. पिनपासून पायपट्टीपर्यंत 200 मिमी आणि वरच्या हाताच्या टोकापर्यंत 80 मिमी ठेवले, तर पायाला सुमारे 87 मिमी हालचाल मिळते आणि इंजिन हळूहळू वर चढते. माझ्या पहिल्या पेडलात मी वरचा हात 120 मिमी ठेवला होता. त्यामुळे पायाची हालचाल जेमतेम 58 मिमी उरली आणि जांबोटीच्या पुढच्या खड्ड्यांत पाऊल जरा हलले की जीप उडी मारत असे. दोष इंजिनाचा समजून मी दोन दिवस प्लग आणि टायमिंग तपासत बसलो होतो.

आता जाड पुठ्ठ्याचा साचा करावा. चालकाने पावसाळ्यात जे बूट घालतो तेच बूट घालून सीटवर बसावे, कारण चिखल लागलेला गमबूट चपलेपेक्षा बराच रुंद असतो. ब्रेकच्या कडेपासून पायपट्टीच्या कडेपर्यंत 50 ते 60 मिमी मोकळी जागा ठेवावी आणि पायपट्टी ब्रेकपेक्षा साधारण 25 मिमी मागे, म्हणजे फायरवॉलच्या बाजूला असावी. पेडल अर्धे दाबलेले असताना वरचा हात आणि केबल यांच्यात काटकोन व्हावा, म्हणजे पूर्ण हालचालीत ओढ सारखी राहते. फायरवॉलचे भोक या रेषेवरच पाडून त्यात रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेने केबल कापू नये म्हणून लावायचे कडे, बसवावे.

हातासाठी 25 मिमी रुंद आणि 6 मिमी जाड, म्हणजे कारागिरांच्या भाषेत दोन सुती, एमएस (माइल्ड स्टील) पट्टी पुरते. पिन 10 मिमीची असावी. पिन ज्यात फिरते त्या बुशाबद्दल मात्र आग्रही राहावे. नायलॉनचा बुश नळीत बसवून मग वेल्डिंग केले तर तो आतून वितळतो आणि पेडल सकाळी सुटते, दुपारी अडते. म्हणून आधी नळी पट्टीला वेल्ड करावी, ती पूर्ण थंड होऊ द्यावी, मग गनमेटलचा बुश दाबून बसवावा आणि शेवटी रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाचे करणाऱ्या हत्याराने, भोक साफ करावे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या ज्या टर्नरकडे मी बुश करून घेतला, त्यांनी पिन बुशात उभी सोडली. ती क्षणभर थांबून स्वतःच्या वजनाने हलकेच खाली उतरली, तेव्हाच त्यांनी काम पूर्ण झाले असे सांगितले. ही चाचणी कोणत्याही मोजपट्टीपेक्षा भरवशाची आहे.

ब्रॅकेट फायरवॉलच्या पातळ पत्र्याला थेट बोल्ट करू नये. पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला 3 मिमीची आधारपट्टी द्यावी, नाहीतर पाय दाबताना पत्राच वाकतो. केबलच्या टोकाला स्क्रूचे निपल (तार अडकवून धरणारी धातूची गुंडी) कायमचे लावू नये. पितळी निपलमध्ये तारा पसरवून सोल्डर करून घ्याव्यात. केबल एक्झॉस्टपासून दूर न्यावी आणि तिचे वळण मोठे ठेवावे. इंजिन रबरी माउंटिंगवर असते आणि जोर लागला की ते झुलते, म्हणून बाहेरच्या केबलला थोडे सैल वळण हवे. हे वळण मी ठेवले नव्हते, तेव्हा चोर्ल्याच्या चढावर पाय उचलल्यावरही इंजिन चढलेलेच राहत होते आणि घाट उतरेपर्यंत मी इग्निशनच्या किल्लीवर हात ठेवून होतो.

पायपट्टीमागे जमिनीवर 8 मिमीचा बोल्ट लॉकनटसह लावावा. एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने थ्रॉटल बघावे. थ्रॉटल पूर्ण उघडताच पेडल बोल्टला टेकले पाहिजे, म्हणजे पायाचा सगळा जोर बोल्टवर जातो आणि केबल ताणली जात नाही. पेडल सोडल्यावर केबलला 1 ते 2 मिमी ढिलाई असावी, म्हणजे थ्रॉटल आपल्याच आयडल स्टॉपवर, म्हणजे पाय न लावता इंजिन मंद चालते त्या जागी, बसते. थ्रॉटल बॉडीची स्प्रिंग एकटी पुरेशी मानू नये. केबल फक्त ओढते, ढकलत नाही, म्हणून दुसरी स्वतंत्र स्प्रिंग थ्रॉटलच्या चाकीलाच लावावी, म्हणजे एक तुटली तरी दुसरी थ्रॉटल बंद करून पेडल परत आणते. इंजिन बंद ठेवून प्रत्येक स्प्रिंग आळीपाळीने काढावी आणि पेडल निरनिराळ्या जागी दाबून सोडून पाहावे. एकाच स्प्रिंगवर ते कुठेही अडले, तर गाडी रस्त्यावर काढू नये.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. त्यात त्याच इंजिनाचे मूळ सेन्सरयुक्त पेडल वापरावे आणि केवळ ब्रॅकेट बनवावे. सेन्सरच्या तारा किंवा पेडलाची हालचाल बदलू नये.

रंग शेवटी द्यावा, आणि पिनेवर रंग चढू देऊ नये. पहिल्या आठवड्यानंतर निपलजवळ टॉर्च धरून केबलची एखादी तार तुटून वर आली आहे का ते पाहावे, आणि तशी दिसल्यास केबल त्याच दिवशी बदलावी.