घरफोडीची केस आली की आधी दार बघा

वकिलीत नवीन असाल तर चार्जशीटच्या पहिल्या पानावरची कलमं प्रमाण मानू नका. 1 जुलै 2024 नंतरची रात्रीची घरफोडी असेल तर तिथे बहुतेक भारतीय न्याय संहितेची (बीएनएस) 331(4) (रात्रीची घरफोडी) आणि 305 (घरातली चोरी) ही जोडी दिसेल. बाररूममध्ये अजूनही '457-380' हे जुन्या भारतीय दंड संहितेतले (आयपीसी) आकडे चालतात, चालू द्या. घटना त्या तारखेआधीची असेल तर खटला आयपीसीखालीच चालतो.

मला सगळ्यात जास्त छळलं ते कुलपाने. तुटलेलं कुलूप मुद्देमालात नाही, म्हणजे घरफोडी नाही, असं वाटायचं. तसं मुळीच नाही. बीएनएसच्या 330(2) मध्ये, म्हणजे घरफोडीच्या व्याख्येत, आत शिरायचे किंवा बाहेर पडायचे सहा मार्ग दिलेत. कुलूप उघडणं हा त्यातला एक, आणि ते फोडलंच पाहिजे असं कुठेही नाही. घरमालकाची हरवलेली किल्ली सापडली आणि तिने दार उघडून कुणी चोरीसाठी आत शिरलं, तरी घरफोडीच. भिंतीला भोक पाडून नुसता हात आत घातला, तरीही. कारण शरीराचा कुठलाही भाग आत गेला की प्रवेश झाला.

आता उलट बाजू. उन्हाळ्यात दार सताड उघडं टाकून घरचे झोपलेत, कुणी सरळ आत येऊन मोबाइल उचलला. रात्र आहे म्हणून पोलीस 331(4) लावून मोकळे होतात. पण इथे घरफोडी कुठे आहे? फार तर 'छुपं गृह-अतिक्रमण' म्हणतील, पण त्यासाठी आरोपीने लपण्याची काहीतरी खबरदारी घेतलेली दिसली पाहिजे. नुसता अंधार पुरत नाही. हे कलम गळालं की उरतं 305 आणि साधं गृह-अतिक्रमण. कमाल शिक्षा 14 वर्षांवरून 7 वर आली! म्हणून घटनास्थळ पंचनाम्यात दाराबद्दल काय लिहिलंय ते फिर्यादीशी ओळन् ओळ ताडून बघा. कडी होती का? आतून की बाहेरून?

जुन्या-नव्या कलमांचे तक्ते व्हॉट्सॲपवर फिरतात. आकडा शोधायला ठीक, पण कलम बेअर ॲक्टमध्ये (कायद्याच्या मूळ मजकुरात), उदाहरणांसकट वाचा. 'मागच्या केसचा ड्राफ्ट घे, नावं बदल' म्हणणारा सीनियर मिळाला तर फाइल घरी नेऊन स्वतः वाचायची सवय लावा, नाहीतर पाच वर्षांनीही नावंच बदलत बसाल.

आणि 14 चा आकडा बघून हातपाय गाळू नका. हा खटला जेएमएफसीपुढे (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) चालतो, आणि त्यांना एका गुन्ह्यासाठी 3 वर्षांपेक्षा जास्त कैद देता येत नाही. जास्त हवी असं वाटलं तर प्रकरण सीजेएमकडे (मुख्य न्यायदंडाधिकारी) पाठवावं लागतं.