गोव्यातील स्वयंपाकघरासाठी प्लायवूडची निवड

गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात हवेत इतकी ओल असते की चिऱ्याच्या भिंतीला टेकवलेले कपाट थेट पाणी न लागताही फुगते. त्यात उकड्या तांदळाच्या पेजेची वाफ रोज ओट्याभोवती फिरत असेल, तर प्लायवूड घेताना वरच्या पृष्ठभागाआधी आतल्या गोंदाची चौकशी करावी.

दुकानात साधारणतः तीन दर्जे दाखवतात. 'एमआर' (मॉइश्चर रेझिस्टंट, म्हणजे ओल सोसणाऱ्या) प्लायवूडमध्ये बहुधा युरिया फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो. तो स्वयंपाकघरात आणूच नये, कपाट कितीही उंचावर असले तरी. 'बीडब्ल्यूआर' (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट, म्हणजे उकळते पाणी सोसणारे) आणि 'मरीन' हे दोन्ही फिनॉल फॉर्माल्डिहाइडने चिकटवलेले असतात, मात्र आयएस ७१० या मानकाच्या मरीनची कसोटी अधिक कडक असून त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का, हे पाहिले जाते. सगळीकडे मरीनच वापरावे, असा आग्रह सुतार धरतात, पण तो खर्च अनाठायी वाटतो. सिंकखाली आणि ओट्याखाली मरीन, वरच्या कपाटांना बीडब्ल्यूआर, एवढे पुरेसे आहे.

'७१०' हा आकडा फळीवर कोणीही छापू शकतो. म्हणून आयएसआय चिन्हासोबतचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अॅपवर तपासावा आणि त्यानंतर फळीची कड उजेडात न्याहाळावी: थर सलग आणि साधारण सारख्या जाडीचे हवेत, मध्ये पोकळ्या किंवा एकावर एक चढलेले तुकडे नकोत. बोटाने ठोकत गेल्यास पोकळ जागी आवाज बदलतो. वाळवी व भुंग्याविरुद्ध प्रक्रिया केली आहे का, हेही विचारावे.

सांगाड्याला १८ मिलिमीटर जाडी घ्यावी. लॅमिनेट एकाच बाजूला लावल्यास फळी वाकते, त्यामुळे आतूनही पातळ लॅमिनेट हवेच. मात्र उत्तम मरीनही बहुतेकदा बिघडते ते कापलेल्या कडेतून. सिंकच्या नळासाठी पाडलेले भोक तर सुतार हमखास उघडे सोडतात, तेव्हा ते आपल्यासमोर सीलंटने बंद करून घ्यावे आणि प्रत्येक कडेला पट्टी चिकटवावी. खालची कपाटे प्लास्टिकच्या पायांवर सुमारे चार इंच उचलावीत. किनाऱ्याजवळच्या घरात बिजागऱ्या व स्क्रू ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत, कारण खाऱ्या हवेत साध्या लोखंडाचा गंज लाकडात उतरतो आणि स्क्रूची पकड सुटते.