लॅबची किल्ली कोणाकडे असते?

यंदा एनएसएसमधून (राष्ट्रीय सेवा योजना) जिल्हा परिषदेच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला जाणाऱ्या ज्युनिअर मंडळींसाठी. कॉलेजचं पत्र, आयकार्ड, पेनड्राइव्ह, पाण्याची बाटली हे तुम्ही घ्यालच. पहिलं काम म्हणजे हेडसरांना फोन करून विचारा, लॅबची किल्ली कोणाकडे असते? "लॅब आहे का" असं विचारू नका, लॅब असतेच. "असते हो शाळेतच" हे उत्तर धरायचं नाही. किल्ली ज्यांच्याकडे त्यांचं नाव घ्या, नंबर घ्या आणि त्या दिवशी ते शाळेत आहेत का, हे त्यांच्याच तोंडून ऐका.

गेल्या वर्षी आम्ही हे विचारलं नव्हतं. शनिवारची सकाळची शाळा. परिपाठ झाला, सातवीची ४२ मुलं रांगेने लॅबपुढे आली आणि ग्रिलला हे एवढं कुलूप. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, कॉम्प्युटर ज्या सरांच्या नावावर, किल्ली त्यांच्या खिशात, आणि सर तालुक्याला ट्रेनिंगला. शिपाईमामांनी जुडग्यातली एकूण एक किल्ली लावून पाहिली, संडासाचीसुद्धा. मग व्हरांड्यात बसवून मी त्या लेकरांना कॉम्प्युटरच्या पिढ्या सांगत बसलो, व्हॅक्यूम ट्यूबपासून. तिसऱ्या पिढीला पोचलो तेव्हा पुढचा एक जण म्हणाला, "सर, तुमच्या मोबाइलमध्ये गेम आहे का?" काय चुकलं त्याचं?

तर किल्ली. आदल्या दिवशी स्वतः जाऊन कुलूप उघडून घ्या. उघडलंच आहे तर प्रत्येक मशीन चालू करून बघा. दहा मशीन आहेत म्हणजे दहा चालतात असं नव्हे. एकाला माऊस नसतो, एकाचा यूपीएस नुसता टीं-टीं करतो. विंडोज कुठलं तेही बघा. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रॅच. त्याच्या ३ ला विंडोज १० लागतं, जुन्या मशीनवर स्क्रॅच १.४ टाका. पण ३ मध्ये केलेला प्रोजेक्ट १.४ मध्ये उघडत नाही, तेव्हा तिथे जे चालणार त्यातच घरी तयारी करा. इंटरनेट मिळेल असं धरूच नका. परत आल्यावर तो पेनड्राइव्ह स्कॅन केल्याशिवाय स्वतःच्या लॅपटॉपला लावू नका.

लाइट जाते. (किंवा इतकं सांगूनही तुम्ही किल्ली विसरता.) त्यासाठी पुठ्ठ्याची पाच कार्डं करून न्या, त्यांवर १६, ८, ४, २, १ असे ठळक ठिपके. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या मंडळींनी असे बिनकॉम्प्युटरचे खेळ तयार केलेत, त्यातलाच हा, कॉम्प्युटर नुसत्या ० आणि १ नी आकडे कसे लिहितो ते दाखवणारा. पाच पोरं ओळीत उभी करा. १६ वालं समोर बसून बघणाऱ्या मुलांच्या डाव्या हाताला, तुमच्या नव्हे. ठिपके दिसले की १, कार्ड उलटं केलं की ०. आता आजची तारीख करायला लावा. १९ असेल तर १६, २ आणि १ सुलटी, बाकीची दोन उलटी. पाच कार्डांत शून्य ते ३१ सगळं बसतं, म्हणजे महिन्यातली एकही तारीख अडत नाही. व्हरांड्यात माझ्याकडे हे हवं होतं.

शिकवताना व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, भाषा नको. लूप म्हणजे "पुन्हा पुन्हा कर", कंडिशन म्हणजे जर-तर, एवढ्यावर काम भागतं. एका मशीनवर तीन मुलं बसवाल तर दर पाच मिनिटांनी माऊसचा हात बदलायला लावा, स्वतः घड्याळ बघून. नाहीतर एकच पोरगा माऊस धरून बसतो आणि मुली मागून बघत राहतात.

बाकी पटापट. खिचडीची वेळ आधी विचारा, वास आला की तास संपला. शाळेला विचारल्याशिवाय मुलांचे फोटो नाहीत, स्टेटसला तर नाहीच नाही. तासांच्या नोंदीवर तिथल्या तिथे सही घ्या, नाहीतर एनएसएसचे वर्षाचे १२० तास नंतर जुळवत बसाल. मशीन शटडाउन करा, बटण दाबून मारू नका. पंखे, लाइट बंद. कुलूप लावा, किल्ली ज्यांची त्यांच्याच हातात द्या, आणि देतानाच विचारून घ्या, "सर, पुढच्या शनिवारी आहात ना?"