ॲल्युमिनियमची छोटी होडी घरी सजवताय? आधी गळती बघा, थाट नंतर

बारा फुटी, चपट्या तळाची, रिव्हेटवाली (म्हणजे पत्रे धातूच्या ठोकलेल्या खिळ्यांनी जोडलेली) जुनी होडी मिळाली की पहिल्यांदा डोक्यात येतं ते म्हणजे पुढं मस्त उंच डेक करायचा, त्यावर फिरती खुर्ची, लाइट, रॉड होल्डर. मीपण तेच केलं. १९ एमएमचा प्लाय, चौदा इंच उंच डेक, आणि पहिल्याच दिवशी भाचा गळ टाकायला त्यावर उभा राहिला तर होडी अशी कलली की भाकरीचा डबा थेट पाण्यात. महापुरात काहिलीतनं, म्हणजे गूळ करायच्या मोठ्या कढईतनं, माणसं नेताना म्हातारी माणसं ओरडायची, "खाली बसा, खाली बसा", ते का ओरडायची ते तेव्हा कळलं. वजन खाली पाहिजे आणि कमी पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर.

सुरुवात गळतीपासून. होडी जुन्या टायरवर नाहीतर लाकडी फळ्यांवर नीट टेकवा आणि आत फक्त दोन इंच पाणी भरा, जास्त नको, कारण एवढ्या होडीत दोन इंच पाणी म्हणजेच दोनशे किलोच्या वर जातंय आणि पत्रा वाकतो. मग खाली झोपून बॅटरीनं बघायचं, जिथं थेंब धरतोय तिथं मार्करनं गोल. बहुतेक वेळा रिव्हेट ढिली झालेली असते. पाणी काढून एकानं बाहेरनं रिव्हेटच्या डोक्याला जड लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा, दुसऱ्यानं आतनं शेपटीवर हातोडी मारायची, जोरात नाही, टकटक टकटक. आवाज आधी पोकळ येतो आणि रिव्हेट बसली की भरीव येतो, तिथं थांबायचं. पार गेलेली रिव्हेट काढून नवी घालताना पाण्याखालच्या भागात साधी पॉप रिव्हेट चालत नाही, मधल्या भोकातनं पाणी येतं, बंद तोंडाची मागा आणि खाली मरीन सीलंट लावा.

चीर असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात आर्गॉन वेल्डिंगवाला गाठा, घरच्या साध्या मशीननं प्रयोग करू नका. ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं आणि लोखंडासारखं आधी लाल होत नाही, बघता बघता भोकच पडतं. नेण्याआधी जुना रंग, सीलंट, ऑइल सगळं काढून न्या.

आता डेक. सहा-सात इंचाच्या वर जाऊ नका. सांगाडा चौकोनी ॲल्युमिनियम पाइप आणि एल अँगलचा करा, स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडं तुकडे मिळून जातात, वर १२ एमएम मरीन प्लाय, कडांनासुद्धा इपॉक्सी. तांब्याच्या औषधानं ट्रीट केलेलं लाकूड अजिबात नको. तांबं, पितळ आणि ओलं ॲल्युमिनियम यांचं जमत नाही, पत्रा खाल्ला जातो. मी घरात पडलेले लोखंडी स्क्रू मारले होते, वर्षभरात प्रत्येक स्क्रूभोवती पिठासारखी पांढरी पूड आणि बोट लावलं तर खड्डा. एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) बोल्ट आणि मध्ये नायलॉनचा वायसर, एवढं केलं की बास.

डेकखालच्या जागेत एक्सपीएस फोमचे (पाणी न पिणारा कडक फोम) तुकडे भरा. थर्माकोल नको, तो हळूहळू पाणी पितो. एक घनफूट फोम साधारण २७ किलो वजन तरंगत ठेवतो, त्यावरनं हिशोब करा. आतनं पत्र्यावर पातळ ईव्हीए मॅट (मऊ फोमची) चिकटवा, उन्हात पत्रा तव्यासारखा तापतो आणि डबा ठेवला तरी ढोलासारखा वाजतो, मासा कुठला थांबतोय.

इलेक्ट्रिक मोटर बसवत असाल तर १०० एएचची (अँपिअर-तासाची) लेड-ॲसिड बॅटरी तीस किलोच्या आसपास असते, ती मोटरच्या उलट टोकाला, तळाशी, पट्ट्यानं बांधून ठेवा, म्हणजे तोल जमतो. ५५ पाउंड ढकलशक्तीची मोटर फुल स्पीडला ५० अँपिअरच्या आसपास ओढते, त्यामुळं १६ स्क्वेअर एमएमची वायर आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभरात ब्रेकर. मायनस कधीही होडीच्या पत्र्याला जोडायचा नाही, मोटरसायकलला बॉडीला जोडतात ते डोकं इथं चालवू नका.

रंग शेवटी: घासून, पुसून लगेच सेल्फ-एचिंग प्रायमर (पत्र्याला धरून बसणारा), उद्यावर टाकलं की ऑक्साइड धरतं आणि रंग पापुद्र्यासारखा निघतो.

किती माणसं? फुटात लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. बारा बाय चार म्हणजे तीन, आणि बॅटरी-मोटर धरली तर मी दोनच म्हणतो. राधानगरीचा परिसर अभयारण्याचा आहे, तिकडं जाऊ नका, इतर तलावावर ज्यांचा मासेमारीचा ठेका आहे त्यांना विचारूनच होडी उतरवा. पहिली ट्रायल कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, तळाचं पाणी काढायचं बुच लावलंय का बघून. दोघांनी एकाच बाजूला सरकून बसायचं. काठ पाण्याच्या वर वीतभर राहिला तर ठीक, नाही राहिला तर स्पॅनर बरोबर आणलाय ना, डेक तिथंच खोला.