पुराची खूण आणि एमएस्सीचा अर्ज

आमच्या चिपळूणच्या घरात जिन्याशेजारच्या भिंतीवर वडिलांनी निळ्या ऑइलपेंटने एक रेघ मारून ठेवली होती. खाली तारीख, २६ जुलै २००५. पुढची सोळा वर्षं घरातली प्रत्येक महत्त्वाची वस्तू त्या रेघेच्या वर. फ्रीज चौथऱ्यावर, तांदूळ उंच घडवंचीवर, कागदपत्रं माळ्यावर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी रेघेच्या दोन हात वर चढलं.

मी तेव्हा मानसशास्त्रात एमए करून एका शाळेत समुपदेशक होते. गाळ उपसताना डोक्यात एकच होतं, की पाणी रेघेच्याही वर येऊ शकेल हे आमच्यापैकी एकाच्याही मनात कसं आलं नाही? पुढे कळलं, रॉबर्ट केट्स या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने १९६२ मध्येच हे मांडून ठेवलंय. नदीकाठच्या माणसाला त्याने पाहिलेला पूर तेवढा खरा वाटतो, त्यापलीकडचा डोळ्यांसमोर येत नाही. त्या रेघेने मला ब्रिटनमध्ये पर्यावरण मानसशास्त्राच्या एका वर्षाच्या एमएस्सीपर्यंत पोचवलं. हल्ली महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं, ‘ताई, पर्यावरण आणि मन असं एकत्र शिकायचंय, काय करू?’ दर वेळी फोनवर तासभर जातो, म्हणून एकदाचं लिहून काढते.

कॉलेजांची यादी काढायच्या आधी आपली रेघ शोधा. एक जागा, तिथली माणसं, आणि तुम्हाला न उलगडलेली त्यांची एक वागणूक. माझ्या अर्जाचा पहिला खर्डा ‘मला लहानपणापासून निसर्गाची ओढ’ असा सुरू होत होता. जुन्या सरांनी तो परिच्छेद पेन्सिलीने आडवा खोडला आणि म्हणाले, ‘ओढ सगळ्यांनाच असते गं. तुला पडलेला प्रश्न कुठाय यात?’ मग भिंतीवरची रेघ लिहिली. पुढच्या प्रत्येक मुलाखतीत तिच्याबद्दलच विचारलं गेलं.

प्रश्न हाताशी आला की कुठे जायचं ते बरंचसं आपोआप ठरतं. नावं सारखी वाटली तरी ही तीन वेगळी घरं आहेत.

माणसं अशी का वागतात हे मोजून बघायचं असेल तर पर्यावरण मानसशास्त्र. इंग्लंडमध्ये सरे विद्यापीठाने हा अभ्यासक्रम १९७३ मध्ये सुरू केला. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगन इथे मानसशास्त्रज्ञ लिंडा स्टेग यांचं काम आहे. इथे संख्याशास्त्रावाचून पाऊल पुढे पडत नाही, पण हाती येतं ते कामाचं असतं. एकच नमुना देते. ॲरिझोनातल्या एका राष्ट्रीय उद्यानात लोक दगड झालेल्या प्राचीन लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. ‘आजवर पुष्कळ लोकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललंय’ या पाटीजवळ मुद्दाम खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी ७.९२ टक्के गेले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ या साध्या पाटीजवळ १.६७ टक्के. सगळेच नेतात म्हटल्यावर आपणही नेलं तर काय बिघडलं! नदीपुलावर ‘रोज हजारो लोक इथे निर्माल्य टाकतात’ असा फलक दिसला की मला हा प्रयोग आठवतो आणि फलक लावणाऱ्याची कीव येते.

निसर्ग बिघडला की मनाचं काय होतं, आणि मन सावरायला निसर्ग कसा उपयोगी पडतो, हे शिकायचं असेल तर इकोसायकॉलॉजी. अमेरिकी लेखक थिओडोर रोझॅक यांनी १९९२ मध्ये हा शब्द रूढ केला. कोलोरॅडोतल्या नरोपा विद्यापीठाने त्यात एमए सुरू केलं. तत्त्वज्ञ ग्लेन अल्ब्रेक्ट यांचा ‘सोलास्टाल्जिया’ हा शब्दही याच अंगाचा. ऑस्ट्रेलियात हंटर खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणींनी आसपासच्या लोकांची जागा अशी बदलली, की घर न सोडताच त्यांना घराची आठवण छळू लागली. आमच्या बाजारपेठेत पाऊस लागल्यावर रात्री दोनला टॉर्च घेऊन नदी बघून येणाऱ्या माणसांना वेगळं काय होतं? पण एक लक्षात ठेवा, ही पदवी घेतली म्हणजे उपचार करायचा परवाना मिळाला असं नाही. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून बसायचं तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. ते आधी विचारून घ्या, फी भरल्यावर नको.

तिसरं घर जाणिवेचं, म्हणजे ‘मी’ची हद्द नेमकी कुठे संपते हा प्रश्न. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रल स्टडीजमध्ये तत्त्वज्ञान, विश्वविज्ञान आणि जाणीव एकत्र शिकवतात. ही संस्था १९६८ मध्ये श्री अरविंदांचे विचार मानणारे हरिदास चौधरी यांनी काढली. अरविंदांना बडोद्यात मन नि:शब्द करायला बसवलं ते विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याने. म्हणजे धागा आपल्याकडूनच गेलेला, फक्त परत विकत घेताना डॉलरमध्ये पडतो. या वाटेने जाणाऱ्याने रामचंद्र गुहा यांचा डीप इकॉलॉजीवरचा, म्हणजे निसर्गाला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचं मोल आहे असं मानणाऱ्या विचारावरचा, १९८९ चा टीकालेख जरूर वाचावा. अमेरिकेतलं निर्मनुष्य अरण्याचं प्रेम इथे जसंच्या तसं आणलं तर जंगलावर जगणाऱ्यांच्या मुळावर कसं येतं, ते त्यात आहे.

भारतातच राहायचं तर मुंबईच्या टीसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) पर्यावरण, हवामानबदल आणि शाश्वततेचं एमए आहे. किंवा मानसशास्त्राचं एमए करून प्रबंध या विषयावर घ्यायचा. दुसरा मार्ग स्वस्त आहे आणि मुळीच कमी दर्जाचा नाही, फक्त समजून घेणारा मार्गदर्शक मिळायला हवा.

अर्जाआधी एक छोटा अभ्यास स्वतः करून बघा, वीस माणसांचा का होईना. मी ‘न्यू इकॉलॉजिकल पॅराडाइम’ ही निसर्गाकडे बघायची माणसाची दृष्टी मोजणारी पंधरा विधानांची प्रश्नावली मराठीत आणली. त्यातल्या एका विधानात पृथ्वीला अंतराळयानाची उपमा आहे, जागा कमी आणि सामान मोजकं. शेजारच्या काकूंनी ते दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, ‘यान कोण चालवतोय?’ मी ‘एसटी’ करून पाहिलं, तर त्या म्हणाल्या, ‘मग जागा होते की, सरकून बसायचं.’ भाषांतर दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून ताडून का बघायचं, हे मला पुस्तकापेक्षा त्या एसटीने शिकवलं.

दुसरी मोजपट्टी म्हणजे मानसशास्त्रज्ञ वेस्ली शुल्ट्झ यांची वर्तुळं. एक वर्तुळ ‘मी’, दुसरं ‘निसर्ग’. सात चित्रं, अगदी वेगळ्या वर्तुळांपासून पूर्ण एकात एक गेलेल्यांपर्यंत; आपलं निसर्गाशी नातं ज्यात दिसेल त्यावर बोट ठेवायचं. देवराईला लागून शेती असलेले एक आजोबा एकरूप वर्तुळांवरच बोट ठेवणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी सगळ्यात लांबची दोन दाखवली. ‘माकडांनी यंदा एक फणस ठेवला नाय. ते तिकडं, मी हिकडं, तेच बरं.’ त्याच देवराईत ते चप्पल काढून जातात. मोजपट्टीला यातलं काय दिसलं आणि काय निसटलं, हे मी अर्जात दीड पान लिहिलं. अर्जाचा सगळ्यात चांगला भाग तोच.

पैशाचं थोडक्यात. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे; तिला जागतिक क्रमवारीची अट असते, म्हणून आधी अट आणि मग विद्यापीठ. आणि अभ्यासक्रम यंदा चालू आहे ना, हे विभागाला स्वतः मेल करून विचारा. इंग्लंडात डेव्हनमधल्या शूमाखर कॉलेजसारख्या नावाजलेल्या ठिकाणचे पदवी अभ्यासक्रमसुद्धा २०२४ मध्ये बंद झाले.

प्रबंधाला नीतिसमितीची परवानगी लागते आणि तिला वेळ जातो. महिनाभर तरी हाताशी ठेवा. समितीला दिलेल्या माझ्या अर्जात, ज्यांच्या मुलाखती घ्यायच्या त्यांच्या यादीत पहिलं नाव आईचं होतं. समितीने विचारलं, मुलीला नाही म्हणायची मोकळीक आईला खरंच आहे का? उत्तर नव्हतं, नाव काढलं. मग आमच्या आळीतली अठरा घरं झाली आणि आमचंच राहिलं. आईने ते अजून मनात ठेवलंय. पाहुणे आले की भिंतीवरच्या दोन रेघा दाखवते आणि सांगते, ‘वरची मी मारली. पण हिने सगळ्यांना विचारलंन, मला नाही.’