गुणांऐवजी चुका मांडून पाहिल्या

दशांश अपूर्णांकांच्या चाचणीत वर्गाला गुण कमी पडले, म्हणून मी तोच पाठ पुन्हा शिकवला. फरक पडला नाही. मग वह्या उघडून प्रत्येक उत्तर कारणासह तक्त्यात उतरवले (दोन संध्याकाळी त्यातच गेल्या). अनेकांनी ०.४५ ही संख्या ०.६ पेक्षा मोठी ठरवली होती, कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे. काहींचे उत्तर बरोबर होते, पण ‘अंक जास्त तितकी संख्या लहान’ या समजुतीतून आलेले, जे गुणपत्रकात कधीच दिसले नसते. म्हणून शंभर चौकटींच्या कागदावर दोन्ही संख्या रंगवून घेतल्या आणि पुढच्या चाचणीत ०.६ व ०.७३ ही जोडीही घातली, कारण तिथे जास्त अंकांची संख्याच मोठी आहे, त्यामुळे दुसरी समजूत तिथेच पकडली जाते.